गुगल मॅपच्या आधीचा माणूस: विल्यम लॅम्बटन

जामसंड्यात एसटीतून उतरून मॅप उघडला की निळा ठिपका लगेच तुमची जागा दाखवतो. फोन उपग्रहांपासूनची अंतरं मोजतो आणि जागा काढतो. उपग्रह नव्हते तेव्हा हेच काम कोन मोजून व्हायचं. भारतात ते मोठ्या प्रमाणावर सुरू करणारा इंग्रज आपल्या महाराष्ट्रातच, हिंगणघाटला वारला.

लॅम्बटन यॉर्कशायरचा. सैन्यात गेला, अमेरिका खंडात बरीच वर्षं काढली. गणित आणि भूमापन तो मुख्यतः स्वतःच शिकला. सूर्यग्रहण बघताना एका डोळ्याला कायमची इजा झाली. भारतात आला तेव्हा चाळिशी उलटलेली! १७९९ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत रात्री तुकडी उलट दिशेला, थेट शत्रूकडे चाललीये हे त्याने तारे बघून ओळखलं.

१० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ खरं काम सुरू झालं. १०० फुटी पोलादी साखळी सुमारे ४०० वेळा टाकून साडेसात मैलांची एक रेषा मोजली. इतकी काटेकोर का? कारण पुढे साखळी जवळजवळ लागतच नाही. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. म्हणजे पहिल्या रेषेतली चूक शेवटपर्यंत जाणार (कोड लिहिणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे). म्हणून बंगळूरजवळ दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजून हिशेब ताडून पाहिला. फरक निघाला काही इंचांचा.

कोन मोजायचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर निसटला, यंत्र भिंतीवर आदळून चेपलं. लॅम्बटन तंबूत बसला आणि कित्येक आठवडे ठोकून-ठोकून ती तबकडी स्वतःच सरळ केली. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

हा नकाशा कंपनी सरकारच्या सोयीचा होता, हेही खरं. आणि जंगलातल्या तापाने कित्येक देशी खलाशी मेले, त्यांची नावं कुठल्याच नकाशावर नाहीत.

आज जिओमॅटिक्सवाले ड्रोनने गावठाण मोजतात, आणि त्यांनाही आधी जमिनीवर पक्के बिंदू ठरवावेच लागतात.

हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ ला लॅम्बटन हिंगणघाटला गेला. वय सत्तरीच्या आसपास. काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. शिखराला नाव एव्हरेस्टचं मिळालं, लॅम्बटनची कबर हिंगणघाटात आहे.