बोलते करणारे शिक्षक : ग्रॅहॅम बेल

टेलिफोनचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र ते शिक्षक म्हणून अधिक थोर वाटतात. १८४७ साली एडिंबरोत जन्म. आजोबा व वडील उच्चारशास्त्राचे अध्यापक, आई बहिरी. १८७१ पासून बोस्टनमध्ये ते मूकबधिर मुलांना बोलावयास शिकवू लागले. १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. ध्वनीच्या या व्यासंगातूनच १८७६ मध्ये टेलिफोन जन्मला. खुणांच्या भाषेला त्यांनी केलेला विरोध मात्र बहिऱ्यांवर अन्याय करणारा ठरला. १९२२ साली ते निवर्तले. आज मुंबईच्या नायर रुग्णालयात वाचोपचाराचे शिक्षण मिळते. चांदवडच्या आपल्या घरांतून बारावीला विज्ञान घेतलेली धाकटी भावंडे असतील, त्यांना ही वाट जरूर सांगावी.