आकाशाची खरखर

मुलांनो, रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये खरखर येते ना? आम्हा इंजिनिअर मंडळींना ती नकोशी वाटते. कार्ल जान्स्की (१९०५–१९५०) यांना मात्र ती शोधण्याचीच नोकरी होती!

ओक्लाहोमात जन्मलेले कार्ल न्यू जर्सीत बेल लॅब्जमध्ये लागले. समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या चाकांवर गोल फिरणारी अँटेना बांधली. विजांच्या वादळांची खरखर ओळखू आली, पण एक मंद फुसफुस उरली. तिचा जोर रोज ४ मिनिटे आधी वाढे. तारेही रोज ४ मिनिटे आधी उगवतात! १९३३ साली त्यांनी जाहीर केले, की ती आकाशगंगेतून येते.

पुढे कंपनीने त्यांना दुसऱ्या कामाला लावले. मूत्रपिंडाच्या विकाराने ते ४४ व्या वर्षीच गेले.

त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी फुसफुशीचे कारण मांडले. ताऱ्यांमधल्या पोकळीतही चुंबकीय क्षेत्र असते. त्यात प्रचंड वेगाने गरगरणारे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात. या लहरी कोणत्या दिशेत थरथरतात, त्यावरून आता त्या क्षेत्राचे नकाशे काढतात.

न्यू मेक्सिकोतल्या २७ अँटेनांच्या दुर्बिणीला २०१२ पासून कार्ल यांचे नाव आहे. सुटीत तिकडे गेलात तर आम्हाला जरूर कळवा.