मार्गदर्शक तत्त्वांचा जाब विचारणार कोण?

राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, एवढे वाक्य कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. राज्यकर्त्यांनाही तेवढेच सोयीचे असते. कलम ३७ चा पुढचा भाग मात्र कोणी वाचत नाही. देशाचा कारभार करताना ही तत्त्वे मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे तेच कलम सांगते.

या तत्त्वांचा साचा आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानातून आला, हे खरे. पण त्यातील आशयासाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेच्या कितीतरी आधीपासून लढत होते. १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांना प्रसूतीकाळात पगारी रजा देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये कोकणातील कुळांना पिळणारी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांचा संप घडविला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले.

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी संविधान सभेला निवेदन दिले. मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी. जात न पाहता जमीन गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्यावी. आणि हे सारे संविधानातच लिहावे, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते पुसता येणार नाही, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. चळवळीने हे विसरता कामा नये. बाबासाहेबांना हवे ते सर्व संविधानात आलेले नाही.

तरीही मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी चौथ्या भागाची पाठराखण केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये काही सभासदांनी या तत्त्वांना पोकळ घोषणा म्हटले. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर वकिलाचे होते आणि लोकनेत्याचेही. सत्ता कोणाचीही येवो, त्याला या तत्त्वांकडे पाठ फिरवता येणार नाही; न्यायालयात नाही, तर निवडणुकीत मतदारांसमोर त्याला उत्तर द्यावे लागेल. मोफत शिक्षणाची चौदा वर्षांची मर्यादा खाली आणण्याची सूचना आली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात घ्यायचे नाही, तर ते शाळेत असले पाहिजे, हा त्यांचा सरळ हिशेब होता.

ही शिक्षणाची हमी दहा वर्षांत पुरी करायची होती. ती मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती लागली आणि प्रत्यक्ष कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले, त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ उलटला होता.

आता आमच्या लासुर्ण्याकडे या. इंदापूर-बारामतीच्या या ऊसपट्ट्यात हंगामाला तोडणीच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई गरोदर असली तरी फडात उतरते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. कलम ४२ कामाची मानवी स्थिती आणि प्रसूती साहाय्य सांगते. १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूती लाभाचा कायदाही झाला. पण कोयत्यावरच्या बाईचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, मग पगारी रजा कोणाकडे मागणार? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तो याच व्यवस्थेतून.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मांडलेला प्रश्न आजही कोपीत बसलेला आहे. जयंतीला संविधानाची उद्देशिका आपण मोठ्या आवाजात वाचतो. त्याच आवाजात कलम ३८ ते ५१ वाचली पाहिजेत. ग्रामसभेत, कारखान्याच्या दारात आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकासमोर ती वाचावीत. जाब विचारण्याचे काम बाबासाहेबांनी न्यायाधीशांवर नव्हे, आपल्यावर सोपविले आहे. जयभीम!