कामाचा हक्क आणि वि. स. पागे

आपल्या अभ्यासक्रमातून आणि जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून आपणांस भेटणारी थोर माणसे बहुधा रणांगणावरची असतात किंवा व्यासपीठावरची. त्यांचे पुतळे उभे राहतात, त्यांची नावे चौकांना दिली जातात. पण काही माणसांचे कार्य असे असते, की ते एखाद्या कायद्यात विरघळून जाते. कायदा उरतो आणि माणूस विस्मरणात जातो. ज्यांच्या एका कल्पनेमुळे महाराष्ट्रातील लाखो कष्टकऱ्यांच्या घरची चूल पेटली, ते कै. विठ्ठल सखाराम पागे अशांपैकी एक होत. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पण त्या योजनेवर राबलेल्या माणसांपैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे, असा प्रश्न मला पडतो. माझ्या घरात तरी कोणालाच ठाऊक नव्हते. राज्यशास्त्राच्या तासाला ते प्रथम कानी पडले आणि त्यानंतर ग्रंथालयातून जे मिळाले, त्यावरून हा लेख लिहीत आहे.

पागे यांचा जन्म १९१० साली बागणी या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात, वाळवे तालुक्यात येते. त्या वेळी तो भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. तरुण वयातच ते स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले आणि त्यांनी तुरुंगवासही भोगला. वकिलीचे शिक्षण घेऊन ते तासगाव येथे वकिली करू लागले. वाळवे तालुका कृष्णा-वारणेच्या पाण्याचा, तर तासगावचा बराचसा भाग त्या काळी आभाळाकडे डोळे लावून बसणारा. वकिलाकडे येणारा पक्षकार आपल्या खटल्याबरोबर आपल्या घरची दैनाही घेऊन येतो. बांधावरून भांडणारा शेतकरी आणि हातावर पोट असलेला मजूर या दोघांनाही पागे यांनी जवळून पाहिले असणार, यात शंका नाही.

ही दोन तालुक्यांची गोष्ट आम्हां माळशिरस तालुक्यातील मुलांना मुद्दाम समजावून सांगावी लागत नाही. आमच्या एकाच तालुक्यात ती दोन चित्रे आहेत. अकलूज नीरेच्या काठी वसलेले. कालव्याचे पाणी, उसाचे मळे, साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था यांमुळे या परिसराचे रूप पालटले. परंतु अकलूजहून एस.टी.त बसून पिलीवच्या बाजूला निघाले, की हिरवा रंग हळूहळू मागे पडतो. पावसाने दगा दिला की त्या रानात माणसाच्या हाताला काम उरत नाही. मी त्याच बाजूच्या एका लहान गावातून रोज कॉलेजला येते. म्हणूनच पागे यांचे चरित्र वाचताना ते मला परके वाटले नाही.

स्वातंत्र्यानंतर पागे विधान परिषदेत गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले. पुढे १९७८ पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षे, ते त्या पदावर होते. सभापतीने पक्षापक्षांच्या वादात पडू नये, सभागृहाचा तोल सांभाळावा, असा आपल्या संसदीय लोकशाहीचा संकेत आहे. या आसनावर बसणाऱ्याला मोर्चा काढता येत नाही की मंत्र्यासारखा हुकूमही सोडता येत नाही. असे असताना त्याच आसनावरील माणसाने राज्याच्या ग्रामीण जीवनाला वळण देणारी योजना सुचवावी, ती चिकाटीने शासनाच्या गळी उतरवावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ती कल्पना काय होती? आपल्या राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत ४१ वे कलम आहे. राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत नागरिकांना कामाचा हक्क मिळवून द्यावा, असे ते सांगते. परंतु मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. त्यामुळे ते कलम परीक्षेत लिहिण्यापुरते राहण्याची भीती होती. पागे यांनी त्याचा हिशेब मांडला. खेड्यातील ज्याला अंगमेहनतीचे काम हवे आहे त्याला ते शासनाने द्यावे, आणि त्या श्रमांतून बांध, ताली, तळी, रस्ते अशी गावाच्या उपयोगाची कामे उभी करावीत. मजुराला मजुरी मिळेल आणि गावाच्या शिवारात पाणी मुरेल. १९६५ साली तासगाव तालुक्यातील काही गावांतून हा प्रयोग सुरू झाला. तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तो उचलून धरला आणि १९७२ साली योजना राज्यभर लागू करण्याचे ठरले.

नेमक्या त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. आमच्या सोलापूर जिल्ह्याला त्याची मोठी झळ पोचली. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, माणसे गाव सोडून निघाली. शासनाने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. नुकतीच जन्मलेली हमी योजना या प्रचंड कामात तात्पुरती विलीन झाली आणि दुष्काळ सरल्यावर पुन्हा स्वतंत्रपणे सुरू झाली.

माझी आजी त्या ५० लाखांतील एक. तेव्हा ती नवी सून होती. रस्त्याच्या कामावर ती खडी फोडायला जात असे. उन्हाने तापलेला दगड हातात धरवत नसे, म्हणून लुगड्याच्या चिंध्या बोटांना गुंडाळाव्या लागत, असे ती सांगते. लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव तिच्या अजून लक्षात आहे. त्यानंतर दहाएक वर्षांनी ती आणि आजोबा पाझर तलावाच्या कामावर होते. आजीच्या लेखी ही दोन्ही कामे सारखीच, दोन्ही सरकारने काढलेली. मलाही आरंभी तसेच वाटले होते. पण पागे यांची कल्पना समजून घेताना मला दिसले, की त्या दोन कामांच्या मध्ये एक फार मोठी गोष्ट घडून गेली होती.

इंग्रजी अमदानीत १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर सरकारने आयोग नेमला आणि पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांनुसार कामे निघत, पण केव्हा? अधिकाऱ्यांनी पाहणी करावी, वर अहवाल पाठवावा, सरकारने दुष्काळ जाहीर करावा, मग काम निघावे. म्हणजे मजुराच्या पोटातील भूक खरी की खोटी, हे सरकार ठरवणार. हमी कायद्याने हा क्रमच उलटा केला. १९७७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने रोजगार हमी कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या कायद्यानुसार ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने नाव नोंदवून कामाची मागणी केली, की १५ दिवसांच्या आत त्याला काम देण्याचे बंधन शासनावर आले. काम देता आले नाही, तर बेकारभत्ता द्यावयाचा. तो भत्ता दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे तुटपुंजाच होता. पण त्या एका रुपयाचा अर्थ मोठा होता. काम न देणे ही शासनाची चूक आहे, ही कबुली त्या रुपयात होती. दुष्काळी कामावर जाणारी आजी सरकारच्या दयेवर होती. पाझर तलावावर जाणारी आजी हक्कदार होती.

अर्थात ही योजना एकट्या पागे यांनी पार पाडली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी शेतमजुरांना संघटित केले, मोर्चे काढले, कामे बंद पडू लागली तेव्हा कचेऱ्यांवर धडक दिली. शहरातील माणसांचाही वाटा आहे. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार आणि व्यावसायिक यांच्याकडून हा कर घ्यावयाचा आणि शासनाने आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालून तो पैसा हमी योजनेवर खर्च करावयाचा, अशी व्यवस्था ठरली. मुंबईच्या कचेरीत पंख्याखाली काम करणाऱ्याच्या पगारातून चार पैसे कापले गेले आणि ते माळरानावर खडी फोडणाऱ्या बाईच्या पदरात पडले. आजही पगारपत्रकावर व्यवसाय कराची कपात दिसते. ती का सुरू झाली, हे आपल्यापैकी नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे मला वाटते. नाईकांनंतर शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार असे मुख्यमंत्री बदलत गेले, पण योजना टिकली. तिच्यामागे कायदा आणि हक्काचा पैसा या दोन्ही गोष्टी उभ्या होत्या म्हणूनच ती टिकली.

योजनेचा आणखी एक गुण सांगितल्यावाचून राहवत नाही. मजुरी झालेल्या कामाच्या मापावर ठरे. बाईने खोदलेला घनमीटर आणि पुरुषाने खोदलेला घनमीटर यांत फरक केला जात नसे. शेतावरच्या मजुरीत बाईच्या हाती नेहमी कमी पैसे पडत. इथे तसे नव्हते. त्यामुळे या कामांवर बायकांची संख्या फार मोठी असे. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, असेही नियमात होते. नियमात होते ते दर ठिकाणी प्रत्यक्षात होतेच असे नाही. आजीने माझ्या थोरल्या चुलत्यांना बाभळीच्या झाडाला झोळी बांधून निजवले होते.

दोष होते, आणि ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. हजेरीपटावर खोटी नावे चढवली गेली. मापे कमी धरून मजुरांना नागवले गेले. मजुरी आठवडेच्या आठवडे थकली. अर्धवट राहिलेले रस्ते पहिल्याच पावसात वाहून गेले. वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळात यावर वेळोवेळी टीका झाली. आमच्या गावच्या कामावरही मुकादमाने मर्जीतल्या माणसांना हलकी कामे दिल्याची हकिकत आजी सांगते. परंतु ज्या योजनेत हक्क असतो, तिच्यातील चोरीविरुद्ध ओरड करण्याचा अधिकारही लोकांना मिळतो. दानात खोट निघाली तर घेणारा गप्प बसतो. हक्कात खोट निघाली तर तो जाब विचारू शकतो.

१९९० साली पागे यांचे निधन झाले. त्याच सुमारास हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्याच शेतात खड्डे खोदावेत, रोपे लावावीत आणि त्याचा खर्च योजनेतून मिळावा, अशी ती कल्पना. आमच्या शेजारच्या सांगोले तालुक्यात डाळिंबाच्या बागा फुलल्या, त्यांत या योजनेचा मोठा हात आहे. पुढे २००५ साली भारताच्या संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाची हमी देणाऱ्या त्या कायद्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि दिवसांचा आकडा १२५ केला. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा जाणकार करीत आहेत. माझ्यासारख्या विद्यार्थिनीने त्यावर निवाडा देणे धाडसाचे होईल. पण कोणताही कायदा तपासताना एक कसोटी मला पागे यांच्या चरित्राने दिली आहे. काम केव्हा निघणार, हे कोण ठरवतो? मागणारा की देणारा?

या लेखासाठी टिपणे काढताना मी आजीला कायद्यातील १५ दिवसांची अट वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली. मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि तिने मला विचारले, की हे असे लिहिलेले होते, तर तेव्हा आम्हांला कोणी सांगितले का नाही? तलावाचे काम बंद पडल्यावर ती आणि आजोबा दोन महिने घरी बसून होते. पुन्हा काम निघण्याची वाट पाहत होते. मागायचे असते, कागदावर मागायचे असते आणि पोच घ्यायची असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. दोघांनाही अक्षरओळख नव्हती.

आजीच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. परंतु पागे यांच्यासारख्या माणसाने अठरा वर्षे सभापतीच्या आसनावर बसून जे साध्य केले, त्याची शेवटची पायरी अजून बांधायची राहिली आहे, एवढे मात्र मला उमगले. कायदा विधिमंडळात संमत होतो, राजपत्रात छापला जातो. तिथून तो पिलीवच्या माळावरील बाईपर्यंत पोचवायला कोणीतरी वाचणारे माणूस लागते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आमच्या वस्तीवर रेशनकार्डाचा, निराधार पेन्शनचा, पीकविम्याचा कागद आला की आता तो माझ्याकडे येतो. मी तो मोठ्याने वाचते, मुदतीच्या तारखेखाली रेघ मारते आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परत येऊ नका, असे बजावून सांगते. मागच्या महिन्यात शेजारच्या मावशी पोच घेऊन आल्या. ती त्यांनी देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली जपून ठेवली आहे.

— द्वितीय वर्ष, बी. ए.