रुस्तुम जाल वकील

डॉ. रुस्तुम जाल वकील (१९११ - १९७४) हे भारतीय हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळाचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम त्यांनी रुग्णांवरील पद्धतशीर चाचणीने दाखवून दिला.

वकील यांचा जन्म मुंबईतील पारशी समाजात झाला. लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले व तेथील राजे एडवर्ड स्मारक (के.ई.एम.) रुग्णालयात त्यांनी काम केले.

== पार्श्वभूमी ==
रक्तदाब मर्यादेत राखणे हा शरीराच्या समस्थितीचा महत्त्वाचा भाग आहे. मानेतील व हृदयालगतच्या मोठ्या रोहिण्यांच्या भित्तींमधील ग्राही दाबातील बदल टिपून तो मेंदूस कळवतात. दाब वाढल्यास हृदयाची गती मंदावते व रक्तवाहिन्या सैलावतात. दाब घटल्यास याउलट घडते. दीर्घकालीन नियमन मुख्यतः मूत्रपिंडे करतात. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ही यंत्रणा बंद पडत नाही, तर वाढलेल्या पातळीलाच स्थिर राखू लागते. १९४० च्या दशकात यावर कडक अळणी आहार किंवा अनुकंपी तंत्रिका कापण्याची शस्त्रक्रिया याव्यतिरिक्त फारसे उपाय नव्हते. मेंदूतील रक्तस्राव, हृदय निकामी होणे आणि मूत्रपिंडांचे विकार यांमुळे अनेक रुग्ण दगावत.

== संशोधन ==
सर्पगंधा आयुर्वेदात पूर्वापार वापरात होती. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या रक्तदाब उतरवणाऱ्या गुणाची नोंद केली होती. परंतु भारताबाहेर तिची विशेष दखल घेतली गेली नाही. वकील यांनी आपल्या रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर अमेरिकेत बोस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाचा वापर सुरू केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातून रेसर्पिन हे अल्कलॉइड वेगळे केले. रेसर्पिनमुळे अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रेनलिनचा साठा रिता होतो, रक्तवाहिन्यांचे आकुंचन कमी होते आणि दाब उतरतो.

== मर्यादा ==
नाक चोंदणे, तसेच हीच क्रिया मेंदूतही घडत असल्याने सुस्ती व काही रुग्णांत नैराश्य असे दुष्परिणाम आढळले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेसर्पिनचा वापर घटला. तरीही उच्च रक्तदाब गोळीने आटोक्यात ठेवता येतो, हा विश्वास रुजवण्यात या औषधाचा मोठा वाटा होता.

== सन्मान ==
* आल्बर्ट लास्कर पुरस्कार, १९५७ (इतर संशोधकांसमवेत)
* पद्मभूषण, १९५८
* शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, १९६५