पिकाची तहान मोजणारा वर्ध्याचा माणूस

शेतकरी बंधूंनो, रोवणी आटोपते, धान जोर धरते आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो. आठ दिवस जातात, दहा दिवस जातात. बांधीतले पाणी आटते, भेगा दिसू लागतात. मग तुम्ही आम्हाला विचारता, साहेब, धान अजून किती दिवस दम धरेल? नेमके याच तहानेचे कोडे आपल्या विदर्भातला एक माणूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सातासमुद्रापार जाऊन सोडवत होता. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पण ते मोठे शेतीशास्त्रज्ञ होते, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

वर्ध्याहून अमेरिकेला

खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्ध्याचा. पुढचे शिक्षण नागपुरात झाले. लोकमान्य टिळकांच्या विचारांचा पगडा बसला आणि इंग्रजांना हाकलायचेच, या एका ध्यासाने त्यांनी तरुणपणीच देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेत पोचले. तिथे त्यांनी दोन विद्या एकाच वेळी शिकल्या, एक लढाईची आणि दुसरी शेतीची. कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस लष्करी शाळेतून ते १९१० मध्ये बाहेर पडले. शेतीचे शिक्षण ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत घेतले. १९१३ साली गदर पक्ष स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत ते होते.

आता खरी गंमत पुढे आहे. एकीकडे बंडाची तयारी चाललेली, आणि दुसरीकडे १९१४ साली अमेरिकेतील कृषिविद्येच्या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध छापून आला. विषय होता, झाडाची पाण्याची गरज कशाकशाने कमीजास्त होते! पाण्याची गरज म्हणजे काय, ते समजून घ्या. एक किलो कोरडा पाला, काडी, दाणा तयार करायला पीक किती किलो पाणी पिते, तो हिशेब. त्याच काळात कोलोरॅडोत ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी मोजमाप केले. त्यात ज्वारीला तीनशेच्या थोडे वर, गव्हाला पाचशेच्या आसपास आणि धानाला सातशेच्या घरात पाणी लागले. धान तहानलेले पीक का म्हणतात, हे यावरून लक्षात येईल.

मुळाच्या आत काय घडते

त्या काळी शास्त्रज्ञांना पाणी किती गेले आणि पीक किती आले, एवढे मोजता येत होते. मधे मुळाच्या आत काय घडते, ते बहुतेक सारे खानखोजे गेल्यानंतर उलगडले. ते आपल्या कामाचे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

मूळ हे असंख्य बारीक पेशींचे बनलेले असते. पेशी म्हणजे पाण्याने टम्म भरलेली इवलीशी पिशवीच समजा. माती ओली असते तोवर पिशवी ताठ राहते. माती सुकू लागली की उरलेले पाणी मातीचे कण घट्ट धरून ठेवतात. पिशवीतले पाणी कमी होते आणि तिच्या पडद्यावरचा ताण बदलतो. हा बदल ओळखणारी दारे त्या पडद्यातच असतात. ती उघडतात आणि कॅल्शियम आत शिरते. असे एक दार मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिस या झाडात २०१४ साली ओळखले गेले. कॅल्शियम आत येणे ही धोक्याची घंटा! ती वाजली की पेशी साखर आणि प्रोलीनसारखे पदार्थ साठवून आपला रस दाट करते. दाट रस पाणी ओढून धरतो.

त्याच वेळी वर पानांना निरोप जातो. जपानी शास्त्रज्ञांना २०१८ मध्ये मुळातून पानाकडे जाणारा असा एक निरोप्या सापडला. तो पानात पोचला की अब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते. पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्राला दोन राखणदार पेशी असतात. या संप्रेरकामुळे त्यांच्यातले पोटॅशियम व पाणी बाहेर पडते, त्या ढिल्या होतात आणि छिद्र मिटते. पाणी वाचते खरे, पण त्याच छिद्रातून हवेतला कर्बवायू आत येत असतो. छिद्र मिटले की अन्न तयार होणे मंदावते.

म्हणजे बघा, पान वळलेले तुम्हाला दिसते त्याच्या आधीच मुळाने तहान ओळखलेली असते आणि उत्पन्नाला कात्री लागायला सुरुवात झालेली असते. पानाकडे पाहून पाणी देणारा शेतकरी उशिराच पोचतो.

बंदूक ठेवली, बियाणे हाती घेतले

पहिल्या महायुद्धात खानखोजे इराण-बलुचिस्तानच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध लढले. पकडले गेले, निसटले. १९२१ मध्ये मॉस्कोला गेले. स्वदेशाचे दार बंदच होते. अखेर १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका हे तिथले मुख्य अन्न, जसा आपल्याकडे भात. मक्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते, त्याच्याशी संकर करून त्यांनी मक्याचे नवे वाण काढले. गहू आणि कडधान्यांवरही काम केले. थंडी आणि दुष्काळ सोसणारे वाण हा त्यांचा ध्यास होता. गरीब शेतकऱ्यांच्या पोरांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील चित्रात त्यांना भाकरी वाटताना दाखवले आहे. शेतीशास्त्रज्ञाला असा मान क्वचितच मिळतो.

देश स्वतंत्र झाला तरी इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीतले नाव त्यांच्या आड आले. १९४९ मध्ये नागपूरच्या प्रांतिक सरकारने शेतीच्या सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. तेव्हा आपला भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता. १९५५ मध्ये ते कायमचे परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

आपल्या बांधीसाठी धडा

तहान सोसणारा वाण शोधायचा तर आता शास्त्रज्ञ थेट मुळापर्यंत जातात. जपानमध्ये २०१३ साली धानातला एक जनुक ओळखला गेला. फिलिपाइन्सच्या कोरडवाहू धानातला हा जनुक मुळाच्या टोकाजवळच्या पेशी अशा वाढवतो की मूळ आडवे न पसरता खाली वळते. आय.आर. ६४ या उथळ मुळांच्या वाणात तो घातला, तेव्हा दुष्काळातही दाणा भरला.

आपल्या बांधीत मात्र चिखलणीमुळे खाली घट्ट थर बसतो. वर सतत पाणी साचलेले, मग मूळ खाली कशाला जाईल? ते वरच्या वरच राहते आणि पाऊस लांबला की सर्वांत आधी तेच उघडे पडते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१) मामा तलावाचे किंवा पाटाचे पाणी हमखास मिळत असेल, तर रोवणीनंतर दोन आठवड्यांनी बांधी कायम तुडुंब ठेवू नका. छिद्रे पाडलेला हातभर पाइप बांधीत गाडा. पाइपातले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेले की ५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी द्या. मुळांना हवा मिळते आणि पाणी वाचते.

२) पाण्याची खात्री नसेल तर ही पद्धत करू नका. धुरे नीट बांधा, खेकडांची बिळे बुजवा, मिळालेला पाऊस अडवा.

३) फुलोऱ्याच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस बांधी कोरडी पडू देऊ नका. या दिवसांतली तहान थेट पोचट दाण्यांत दिसते. तलावाच्या पाण्याची पाळी ठरवताना ग्रामपंचायतीने आणि पाणी वापर संस्थेने निसवणीला आलेल्या बांध्यांना पहिला मान द्यावा.

४) जमीन सुकलेली असताना युरिया फेकू नका. ओल आल्यावरच द्या.

बंधूंनो, खानखोजे यांनी मका आणि गव्हाची तहान ओळखण्यात हयात घालवली. या हंगामात पाऊस दडी मारेल तेव्हा पान वळायची वाट पाहू नका. बांधीत उतरा, बोटभर माती उकरा आणि मुळाजवळ ओल आहे का, ते हाताने बघा.