उंदरालाही कायद्यात जागा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी

तापाची साधी गोळी असो किंवा लहानपणी आपल्या दंडावर टोचलेली लस असो, ती आपल्यापर्यंत येण्याआधी तिची कसून परीक्षा झालेली असते. ही परीक्षा बहुतेक वेळा प्रयोगशाळेतील लहानमोठ्या पांढऱ्या उंदरांवर होते. आपले बडोदे तर औषधांच्या धंद्यातले जुने गाव. अलेंबिक कंपनी येथे १९०७ साली सुरू झाली आणि पुढे औषधांचे इतर कारखाने व संशोधन केंद्रेही आली. तेव्हा उंदरांचा हा विषय आपल्याला परका नाही. आपण बरे व्हावे म्हणून जे जीव पिंजऱ्यात राहतात त्यांना वाली कोण, या प्रश्नाला आपल्या देशात कायद्याचे उत्तर मिळाले ते मुख्यतः एका नर्तकीमुळे. त्यांचे नाव श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल.

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराई येथे झाला. त्यांचे वडील नीलकंठ शास्त्री हे सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. थिऑसॉफिकल सोसायटीच्या विचारांची त्यांना ओढ होती. त्यामुळे निवृत्तीनंतर ते कुटुंबासह मद्रासजवळच्या अड्यार येथे जाऊन राहिले. डॉ. अॅनी बेझंट यांचा सहवास रुक्मिणीदेवींना तेथेच लाभला. १९२० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी जॉर्ज अरुंडेल या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांशी विवाह केला. त्या काळी ब्राह्मण घरातील मुलीने परदेशी माणसाशी लग्न करणे ही लहान गोष्ट नव्हती. मद्रासमध्ये मोठी टीका झाली, पण त्या डगमगल्या नाहीत.

लोकांना त्यांचे नाव माहीत आहे ते भरतनाट्यमसाठी. बडोदेकरांना या नृत्याची ओळख जुनी आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांचा विवाह १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाई महाराणींशी झाला, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तक आणि वादक बडोद्याच्या दरबारी आले. मात्र देवदासींच्या या कलेकडे सभ्य समाज पुढे तिरस्काराने पाहू लागला होता. रुक्मिणीदेवी तीच कला मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै या गुरूंकडे शिकल्या. १९३५ साली त्यांनी अड्यारला जाहीर कार्यक्रम केला आणि १९३६ साली ‘कलाक्षेत्र’ ही संस्था काढली. समाजाने दूर लोटलेल्या गोष्टीकडे नव्या नजरेने पाहण्याचे धैर्य त्यांच्यात होते. पुढच्या कामातही तेच त्यांच्या उपयोगी पडले.

१९५२ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नेमणूक केली. कलावंत म्हणून निवडलेल्या बाई संसदेत संगीत-नृत्यावर बोलतील असे कोणालाही वाटले असते. त्यांनी मात्र प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी खासगी विधेयक आणले. त्या वेळी लागू असलेला कायदा १८९० सालचा, इंग्रजांच्या काळातला होता. प्रयोगशाळेच्या दाराआड काय चालते यावर देखरेख ठेवण्याची सोय त्यात नव्हती. खुद्द इंग्लंडमध्ये तसा कायदा १८७६ सालीच झाला होता.

१९५४ साली या विधेयकावर राज्यसभेत चर्चा झाली. पंतप्रधान पंडित नेहरू यांनी विषयाबद्दल सहानुभूती दाखवली, पण विधेयक मागे घेण्याची विनंतीही केली. या विषयाचा अभ्यास करून सरकारच कायदा आणील, असे आश्वासन त्यांनी दिले. आपण मांडलेले विधेयक स्वतःच मागे घेणे कोणालाही जड जाते, आणि आश्वासनाचे पुढे काय होते हे सगळ्यांनाच ठाऊक असते. रुक्मिणीदेवींनी विधेयक मागे घेतले, विषय मात्र सोडला नाही. सरकारने समिती नेमली, आणि १९६० साली प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा संसदेने मंजूर केला. कायद्याने जे प्राणी कल्याण मंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवीच होत्या.

या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोग बंद केले नाहीत, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जीव वाचवणारे किंवा दुःख कमी करणारे ज्ञान मिळवण्यासाठी प्रयोग करण्यास त्यात मोकळीक आहे. रुक्मिणीदेवी स्वतः कट्टर शाकाहारी आणि जिवाला इजा करण्याच्या विरुद्ध होत्या, तरी आजाऱ्याला औषध हवे हेही खरे होते. कायद्याने मधली वाट काढली. प्रयोगांवर देखरेख करणारी समिती असावी, प्रयोगाच्या वेळी प्राण्याला भूल द्यावी, प्रयोगाआधी आणि नंतरही त्याची नीट निगा राखावी, केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, आणि पुस्तक, नमुना किंवा चित्रफितीने काम भागत असेल तर प्रयोग टाळावा, असे त्यात सांगितले.

एक गोष्ट मात्र कमी लोकांच्या लक्षात येते. या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. म्हणजे गाय, घोडा, माकड यांच्या ओळीत उंदीरही आला. अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्यातून संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर २००२ साली स्पष्ट शब्दांत वगळले गेले. आपल्याकडे मात्र घरात सापळा लावून पकडला जाणारा आणि गणेशोत्सवात गणरायाच्या पायाशी बसणारा उंदीर १९६० पासून कायद्याच्या आत आहे.

असे असले तरी कायदा कागदावरून पिंजऱ्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. देखरेखीच्या समितीला खरा जोर आला तो १९९८ च्या नियमांनंतर. तोपर्यंत रुक्मिणीदेवींना जाऊन बारा वर्षे झाली होती. या नियमांमुळे प्रयोगशाळेला नोंदणी करावी लागते, आणि प्रत्येक संस्थेत प्राण्यांसाठी नीतिमत्ता समिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ व पशुवैद्य यांच्याबरोबर, शास्त्रज्ञ नसलेली पण सामाजिक भान असलेली एक व्यक्तीही असते. पिंजऱ्याचे मापही ठरले. पंचवीस ग्रॅमपेक्षा जड असलेल्या एका उंदराला सुमारे ९७ चौरस सेंटिमीटर जागा मिळावी, असे मार्गदर्शक सूचनांत आले. पोस्टकार्ड हातात घेऊन पाहा, ही जागा त्याहूनही लहान आहे. कायद्याने दिलेले किमान हे किमानच असते, हे त्यावरून कळते.

उंदराला बरे वागवल्याने विज्ञानाचे नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो. घाबरलेल्या उंदराच्या हृदयाचे ठोके आणि रक्तातील द्रव्ये बदलतात, आणि मग औषधाचा परिणाम कोणता व भीतीचा कोणता हे सांगणे अवघड होते. उंदराला शेपटीने न उचलता नळीतून किंवा ओंजळीत घेतले तर तो कमी घाबरतो, असे इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०१० सालच्या अभ्यासात दिसले. याला खर्च काहीच नाही, सवय मात्र बदलावी लागते. ज्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बेडूक आणि उंदीर कापले जात, तेथेही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ आणि २०१४ च्या सूचनांनंतर ही पद्धत बंद होत गेली. पुस्तक आणि नमुन्याने भागत असेल तर जीव घेऊ नये, हे १९६० च्या कायद्याने सांगितलेच होते.

१९७७ साली पंतप्रधान मोरारजीभाई देसाई यांनी राष्ट्रपतिपदासाठी रुक्मिणीदेवींचे नाव सुचवले. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि त्या आपल्या कलाक्षेत्रात आणि प्राण्यांच्या कामात राहिल्या. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, संशोधनासाठी भारतातून होणारी माकडांची निर्यात बंद झाली. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी रुक्मिणीदेवींचे निधन झाले.

आपल्या शाळेतील काही विद्यार्थी उद्या औषधशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकतील, आणि एखाद्या दिवशी त्यांच्या हातात एक पांढरा उंदीर येईल. त्या दिवशी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. याच्याऐवजी दुसरे काही चालेल का? इतके उंदीर लागतातच का? आणि याचा त्रास आणखी कमी करता येईल का? हे तीन प्रश्न १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी आपल्या ग्रंथात मांडले आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ते स्वीकारले. पालकांना आणि विश्वस्तांनाही विनंती आहे की, एखाद्या संस्थेने नीतिमत्ता समितीवर बिगर-शास्त्रज्ञ सदस्य म्हणून बोलावले तर वेळ नाही म्हणून नाकारू नये. आपल्याला विज्ञान कळत नाही असा संकोचही बाळगू नये. रुक्मिणीदेवीही शास्त्रज्ञ नव्हत्या.